घरातले गणित : आजीबाईंच्या हिशेबातील दोन पैसे

जबलपूरच्या एका वाचक भगिनींचे पत्र या महिन्यात आले. पत्रासोबत त्यांनी आपल्या आजीबाईंच्या घरखर्चाच्या वहीतील दोन पानांची नक्कल पाठविली आहे. वही १९५७ सालातील. आजीबाईंचे शिक्षण मराठी चौथीपर्यंत झालेले. परंतु घराचा सारा हिशेब त्यांच्याच हाती असे. भाजीवाली रोज दारावर येई, त्या दिवशीच्या भाजीची किंमत वहीत मांडली जाई आणि आठवड्याच्या शेवटी तिला एकदम पैसे दिले जात. पहिले पान १ एप्रिल १९५७, सोमवार, या दिवसापासून सुरू होते. आण्यांचे आकडे आजीबाईंच्या हातचे आहेत. त्यांच्या शेजारी नव्या पैशांचे आकडे वेगळ्या, शाळकरी अक्षरात आहेत. ते पत्रलेखिकेच्या वडिलांचे. ते त्या वेळी शाळेत नुकतेच दशांश शिकत होते आणि घरात आणलेले छापील कोष्टक पाहून त्यांनी आईच्या हिशेबाला हा नवा रकाना जोडला होता.

ते पान असे :

सोमवार : २ आणे – १२ नवे पैसे
मंगळवार : १ आणा – ६
बुधवार : २ आणे – १२
गुरुवार : दीड आणा – ९
शुक्रवार : २ आणे – १२
शनिवार : अडीच आणे – १६
रविवार : १ आणा – ६

खाली मुलाच्या अक्षरात बेरीज : ७३ नवे पैसे. त्याच्याही खाली आजीबाईंच्या अक्षरात : ‘दिले ७५. मुलाच्या बेरजेहून २ अधिक.’

भगिनी लिहितात, ‘आईला दशांश कधी समजला नाही, असे माझे वडील आयुष्यभर हसत हसत सांगत आले. ते आता ऐंशीच्या घरात आहेत. माझी मुलगी सहावीत आहे. तिने हे पान पाहिले आणि पणजीचे चुकले की आजोबांचे, असे मला विचारले. मला उत्तर देता आले नाही. आमच्या आजीचे गणित खरोखरच कच्चे होते काय?’

वाचकहो, दोन पैशांचा हा प्रश्न क्षुल्लक नाही. ज्या बाईने आयुष्यभर घराचा हिशेब राखला, तिच्या हिशेबीपणाचा हा प्रश्न आहे. शिवाय अपूर्णांकाचे दशांशात आणि दशांशाचे अपूर्णांकात रूपांतर करताना मुले आणि मोठी माणसेही जेथे अडखळतात, नेमकी तीच जागा या पानावर आलेली आहे.

प्रथम त्या दिवसाची हकीकत. आपला रुपया पूर्वी सोळा आण्यांचा होता. आण्याचे चार पैसे आणि पैशाच्या तीन पै. म्हणजे रुपयाचे पैसे चौसष्ट, आणि पै एकशे ब्याण्णव. १९५५ साली नाण्यांच्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि ती १ एप्रिल १९५७ पासून अमलात आली. रुपया होता तेवढाच राहिला. मात्र त्याचे सोळा भाग न होता शंभर भाग झाले. जुन्या पैशाशी घोटाळा होऊ नये म्हणून या भागाला ‘नया पैसा’ असे नाव मिळाले. मराठी माणसाच्या तोंडी तो नवा पैसा झाला. १ जून १९६४ पासून ‘नया’ हा शब्द गळला आणि नुसता पैसा उरला. मधल्या काळात जुनी आणि नवी नाणी शेजारी शेजारी चालत होती. बाजारात भाव आण्यांत सांगावा आणि हातात नवे पैसे पडावेत, असा तो काळ. भाजीवालीने ‘दोन आणे’ म्हणावयाचे आणि घेणाऱ्याने मनात भागाकार करावयाचा!

तो भागाकार आता आपण सावकाश करून पाहू. एक आणा म्हणजे रुपयाचा १/१६. व्यवहारी अपूर्णांकाचे दशांश रूप काढणे म्हणजे अंशाला छेदाने भागणे. याहून निराळे काही नाही. मुलांना हे नियम म्हणून पाठ करावयास लावण्यापेक्षा त्यांच्यापुढे रुपया ठेवावा. शंभर पैसे सोळा जणांत वाटावयाचे आहेत. प्रत्येकास सहा दिले की शहाण्णव संपले आणि चार उरले. चार पैसे सोळा जणांत वाटता येत नाहीत, म्हणून प्रत्येक पैशाचे दहा तुकडे केले अशी कल्पना करावी. चाळीस तुकडे झाले. प्रत्येकास दोन दिले, आठ उरले. त्या आठांचे पुन्हा दहा दहा तुकडे केले, ऐंशी झाले, प्रत्येकास पाच दिले आणि बाकी शून्य उरली. म्हणून एक आणा म्हणजे ६.२५ नवे पैसे, आणि रुपयाच्या भाषेत ०.०६२५ रुपया. दशांशचिन्हाच्या उजवीकडील प्रत्येक स्थान म्हणजे उरलेल्या बाकीचे पुन्हा दहा तुकडे करणे होय. हे एकदा मुलाच्या ध्यानात आले की भागाकारात बाकीपुढे शून्य का मांडतात, हे त्यास वेगळे सांगावे लागत नाही.

परंतु पाव पैशाचे नाणे कोणी पाडले नव्हते. म्हणून कायद्याने नियम घालून दिला : रूपांतर करताना जो नवा पैसा अधिक जवळचा असेल तो धरावा, आणि वरचा व खालचा सारख्याच अंतरावर असतील तर खालचा धरावा. या नियमाने एक आण्याचे ६.२५ ऐवजी ६ झाले. दोन आण्यांचे साडेबारा होतात. अर्धा दोन्ही बाजूंना सारखाच, म्हणून खालचे १२. तीन आण्यांचे १८.७५, म्हणून १९. चार आण्यांचे मात्र २५ बरोबर. छापील कोष्टकात हेच आकडे होते, आणि पत्रलेखिकेच्या वडिलांनी ते अचूक उतरवून घेतले आहेत. त्यांच्या रकान्यात एकही आकडा चुकलेला नाही.

मग बेरीज का चुकावी? दर दिवशी किती गळाले ते पाहा. सोमवार, बुधवार आणि शुक्रवार या दिवशी अर्धा अर्धा पैसा गेला. म्हणजे दीड पैसा. मंगळवारी व रविवारी पाव पाव, म्हणजे अर्धा. गुरुवारच्या दीड आण्याचे ९.३७५ होतात, तेथे ०.३७५ गेला. शनिवारच्या अडीच आण्यांचे १५.६२५ होतात, तेथे १६ धरल्यामुळे ०.३७५ उलट वाढला. गुरुवार आणि शनिवार यांनी एकमेकांना फेडले आणि निव्वळ तूट राहिली बरोबर दोन नव्या पैशांची.

आता आजीबाईंचा हिशेब पाहू. त्यांनी दिवसादिवसाचे रूपांतर केलेच नाही. त्यांनी प्रथम आण्यांची बेरीज केली : दोन, एक, दोन, दीड, दोन, अडीच, एक, एकूण बारा आणे. बारा आणे म्हणजे पाऊण रुपया. शंभराचे पाऊणशे म्हणजे पंच्याहत्तर. येथे गळण्यास काहीच नाही. त्यांनी भाजीवालीला पंच्याहत्तर नवे पैसे दिले. कायद्याच्या दृष्टीनेही हेच योग्य होते. कारण रूपांतर करावयाचे ते देय रकमेचे, आणि उधारीच्या खात्यात देय रक्कम आठवड्याअखेरची. भाजीवालीला रोजच्या रोज पैसे दिले असते, तर मात्र मुलाचा आकडा बरोबर ठरला असता. म्हणून, भगिनी, आपल्या वडिलांची प्रत्येक ओळ बरोबर होती आणि आपल्या आजीबाईंची बेरीज बरोबर होती. सहावीतील मुलीला एवढेच सांगावे की पणजीने पैसा पुरा करण्याचे काम सर्वांत शेवटी केले आणि आजोबांनी ते सात वेळा केले.

गणिताच्या व्यवहारात यासारखी उपयोगी सवय दुसरी नाही. अपूर्णांक शक्य तोवर अपूर्णांकच ठेवावा. दशांशातील आकडे कापावयाचेच असतील तर शेवटी आणि एकदाच कापावेत. हाती गणकयंत्र असले तरी हेच खरे. यंत्रावर २ ला ३ ने भागले असता ०.६६६६६६७ असा आकडा दिसतो. त्यातील शेवटचा ७ हा यंत्राने आपल्या वतीने केलेला पुरा पैसा आहे. तो आकडा कागदावर उतरवून पुढच्या गणितास लावला, की आपण त्या शाळकरी मुलाच्याच वाटेने गेलो.

त्या काळात ही वाट कित्येकांस तोट्याची पडली असणार, हे नुसत्या कोष्टकावरूनही दिसते. जुना एक पैसा, म्हणजे तीन पै, याचे १.५६२५ नवे पैसे होतात. अर्ध्याहून अधिक उरते, म्हणून नियमाने २. एखादी पैशाची वस्तू रोज एक याप्रमाणे चौसष्ट दिवस रोखीने घेतली, तर पूर्वी तिला एक रुपया पडे. कोष्टकाप्रमाणे दिल्यास एक रुपया अठ्ठावीस नवे पैसे पडावेत! उलट आण्याची वस्तू सोळा वेळा घेणाऱ्यास शहाण्णवच पडतील. महिन्याचा जिन्नस एकदम भरणाऱ्या घराला या चढउताराचे काही वाटले नसेल. परंतु जो दिवसाच्या कमाईतून दिवसापुरतेच तेलमीठ नेतो, त्याच्या वाट्याला पुरा केलेला पैसा रोज नव्याने येतो. भाजीवालीचेही तेच. म्हणूनच त्या दोन पैशांची आजीबाईंनी मुद्दाम नोंद केली, असे मला वाटते. घरच्या मुलाचा आकडा खोडून न काढता त्यांनी आपला आकडा त्याच्या खाली लिहिला, हेही पाहण्यासारखे आहे.

दशांश न शिकलेल्या या बाईला बारा आण्यांचे पंच्याहत्तर पैसे एका क्षणात कसे कळले? याचे उत्तर आपल्या जुन्या अंकगणितात आहे. त्या काळच्या मराठी शाळेत पाढ्यांबरोबर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, अडीचकी आणि औटकी पाठ करून घेत. औट म्हणजे साडेतीन. पाऊणकी येणाऱ्या बाईला शंभराची पाऊण विचारावीच लागत नाही. शिवाय जुन्या मांडणीत पाव रुपयासाठी एक उभी रेघ देत : १। म्हणजे सव्वा, १॥ म्हणजे दीड, १॥। म्हणजे पावणेदोन. पावाच्या आतले आणे आडव्या, किंचित कललेल्या रेघांनी दाखवीत. चार आणे झाले की चार आडव्या रेघा मोडून एक उभी रेघ. म्हणजे बारा आणे ही संख्या आजीबाईंच्या डोळ्यांपुढे ‘बारा’ म्हणून उभीच राहत नव्हती. ती तीन उभ्या रेघा म्हणून, पाऊण म्हणूनच उभी राहत होती. दशांशाची स्थाने दहादहाने चढतात, तशी ही मांडणी चारचाराने चढत असे. त्या अर्थाने आजीबाईंना स्थानाचे मोल उत्तम ठाऊक होते. स्थान दहाचे नव्हते, इतकेच.

चाराची आणि सोळाची ही पद्धत अडाणीपणाची होती, असे मुळीच नाही. तराजूने वस्तूचे दोन सारखे भाग करता येतात. अर्ध्याचे अर्धे, त्याचे पुन्हा अर्धे, असे चार वेळा केले की सोळावा भाग हाती येतो. वजनमापे नसली तरी चालते. दहा सारखे भाग नुसत्या तराजूने करून दाखवा बरे! दहाची सोय वस्तू तोडण्यात नाही, लिहिण्यात आहे. शून्यासह दहा अंकांनी कोणतीही संख्या लिहिण्याची रीत भारतातून जगाला मिळाली. पूर्णांकांसाठी वापरावयाची हीच रीत एकाहून लहान संख्यांपर्यंत उतरविली की दशांश अपूर्णांक तयार होतात. युरोपात ही गोष्ट सामान्य व्यापाऱ्यांपर्यंत नेली ती सायमन स्टेव्हिन या गणितज्ञाने. १५८५ साली त्याने डच भाषेत या विषयावर एक छोटी पुस्तिका काढली. तीत त्याने आकाशनिरीक्षक, जमीनमोजणी करणारे, टांकसाळीचे अधिकारी आणि व्यापारी अशा सर्वांना उद्देशून ही रीत मांडली आणि नाणी व मापेदेखील दहाच्या पटीत असावीत असे सुचविले. अमेरिकेने आपला डॉलर १७९२ च्या कायद्याने शंभर सेंटांचा ठरविला. ब्रिटनने मात्र दोनशे चाळीस पेन्सांचा पौंड १५ फेब्रुवारी १९७१ पर्यंत चालविला. या बाबतीत आपण त्यांच्या जवळजवळ चौदा वर्षे आधी मोकळे झालो.

आता मूळ प्रश्नाचा गाभा. बारा आणे बिनबोभाट पंच्याहत्तर होतात. एक आणा मात्र ६.२५ होऊन पैशाच्या आत शिरतो, आणि पैचे तर टोकच लागत नाही. असे का? याचे उत्तर छेदाच्या अवयवांत आहे. दशांश म्हणजे ज्याचा छेद १०, १००, १०००... असा आहे तो अपूर्णांक. दहाचे मूळ अवयव दोनच : २ आणि ५. म्हणून अपूर्णांकाला प्रथम संक्षिप्त रूप द्यावे. मग छेदात २ आणि ५ यांखेरीज दुसरा मूळ अवयव नसेल, तर दशांश कोठे तरी संपतो. छेदात २ किती वेळा आणि ५ किती वेळा येतो ते मोजावे. त्यांतील मोठी संख्या जितकी, तितकी दशांशस्थळे. सोळा म्हणजे चार वेळा २. म्हणून १/१६ ला चार स्थळे लागतात : ०.०६२५. बारा आणे म्हणजे १२/१६, संक्षिप्त रूप ३/४. चारात दोन वेळा २. म्हणून दोनच स्थळे : ०.७५. रुपयाच्या शंभर भागांना दोन स्थळे पुरतात, म्हणून चार, आठ आणि बारा आणेच नेमके बसले. बाकीच्या साऱ्या आण्यांना काही तरी सोडावे किंवा घ्यावे लागले.

पै ही रुपयाचा १/१९२. एकशे ब्याण्णव म्हणजे चौसष्ट गुणिले तीन. हा तीन आला की संपले! १ ला १९२ ने भागत जा : ०.००५२०८३३३... पुढे तीनच तीन. बाकी प्रत्येक वेळी चौसष्टच उरते, म्हणून भागही तोच येत राहतो. यासच आवर्ती दशांश म्हणतात. त्याचे मुलांना नेहमी गूढ वाटते. परंतु कारण साधे आहे. सातने भागताना बाकी १ ते ६ यांपैकीच काही तरी उरणार. सहा पायऱ्यांनंतर जुनी बाकी परत येणे भाग आहे. आणि बाकी परत आली की त्यापुढचे सारे आकडे परत आले. १/७ करून पाहा : १४२८५७, पुन्हा १४२८५७, असे अखेरपर्यंत.

उलट दिशेने, म्हणजे दशांशाकडून अपूर्णांकाकडे येताना, संपणारा दशांश सोपा असतो. चिन्हाच्या उजवीकडे जितके आकडे तितकी शून्ये एकावर देऊन छेद मांडावा आणि संक्षिप्त रूप द्यावे. ०.१८७५ म्हणजे १८७५/१००००. दोहोंस ६२५ ने भागले की ३/१६, म्हणजे आपले तीन आणे. येथे लहान मुले एक चूक हमखास करतात : ०.१२५ हा ०.५ पेक्षा मोठा समजतात, कारण एकशे पंचवीस पाचाहून मोठे! त्यांना दोन्हींचे अपूर्णांक करावयास सांगावे. एक निघेल १/८, म्हणजे दोन आणे. दुसरा १/२, म्हणजे आठ आणे. मग वाद राहत नाही.

आवर्ती दशांशासाठी एक युक्ती आहे. ०.०८३३३... ही संख्या घ्या. तिची शंभर पट ८.३३३..., आणि हजार पट ८३.३३३... दोहोंच्या शेपट्या सारख्याच. वजाबाकी केली की त्या एकमेकींस खातात. उरते ते असे : मूळ संख्येची नऊशे पट बरोबर ७५. म्हणून मूळ संख्या ७५/९००, अर्थात १/१२. ज्या शेपटीला अंत नव्हता, ती एका वजाबाकीने नाहीशी झाली. मोठ्या मुलांकडून ०.२७२७२७... याचे असेच करून घ्यावे. उत्तर ३/११ यावयास हवे.

एक इशारा येथेच देतो. आकड्यांच्या मध्ये बिंदू दिसला की तो दशांश, असे समजू नये. क्रिकेटच्या धावफलकावर १४.३ षटके म्हणजे चौदा षटके आणि तीन चेंडू. षटक सहा चेंडूंचे, म्हणून दशांशात ती १४.५ षटके होतात. त्या वेळी ८७ धावा झाल्या असतील, तर धावांची गती षटकामागे बरोबर सहा आहे, १४.३ ने भागणाऱ्यास ती सहाहून अधिक दिसेल. पाच फूट सहा इंच उंची ५.६ अशी लिहिणाराने खरोखर ५.५ फूट सांगितले आहे. जमिनीच्या जुन्या कागदांत २–२० असा आकडा असेल, तर ते दोन एकर वीस गुंठे. गुंठे चाळीस झाले की एकर, म्हणून ती अडीच एकर जमीन झाली. हेक्टर आणि आर यांचे प्रमाण शंभराचे असल्यामुळे तेथे मात्र दशांश खरा असतो. आणि ‘सातबारा’ हा तर अपूर्णांकच नव्हे! ७/१२ चे दशांश ०.५८३३३... असे निघते खरे. पण त्या उताऱ्यातील सात आणि बारा हे गावच्या नमुन्यांचे क्रमांक आहेत. आमच्या परिचयातील एका शाळकरी मुलाने त्याचा भागाकार केला होता. त्यास दोष देणे आम्हांस जमले नाही.

ज्या घरांत आजही हे रूपांतर हातात जोखमीची वस्तू घेऊन करावे लागते, तेथे ती वस्तू सोने असते. जुना तोळा ११.६६३८ ग्रॅमचा. मेट्रिक वजने १९५८ च्या ऑक्टोबरपासून टप्प्याटप्प्याने आली, आणि हळूहळू बोलण्यात ‘तोळा’ म्हणजे दहा ग्रॅम असा अर्थ रुळला. म्हणून आजीच्या वहीत ‘पाटल्या ५ तोळे’ अशी नोंद असेल, तर त्या पन्नास ग्रॅम नव्हेत; झीज सोडल्यास ५८.३२ ग्रॅमच्या आसपास भरल्या पाहिजेत. या आठ ग्रॅमांवरून घरात विनाकारण संशय उत्पन्न होऊ शकतो. हेच सोने तीन बहिणींत वाटावयाचे झाले आणि कागदावर प्रत्येकीचा भाग ०.३३ असा लिहिला, तर तिन्ही मिळून ०.९९ च होतात, ०.५८ ग्रॅम सोने कोणाच्याच नावे लागत नाही. तोळ्याचे बारा मासे धरणाऱ्या जुन्या हिशेबाने ते अर्ध्या माशाहून अधिक भरते. तेथे १/३ असेच लिहावे. ज्या संख्येचे दशांश संपत नाही, तिचे नेमके रूप अपूर्णांकच होय. बारात तीन हा अवयव असल्यामुळे माशांच्या हिशेबात हा प्रसंग वारंवार येतो.

पंचवीस पैसे आणि त्याखालील नाणी ३० जून २०११ नंतर चलनात राहिली नाहीत. दुकानात आता रुपयाच पुरा केला जातो, आणि भ्रमणध्वनीवरून रक्कम पाठविताना मात्र पैशापर्यंतचा आकडा पुन्हा जिवंत होतो. महिन्याच्या बिलांची बेरीज करताना हा फरक मुलांस दाखवावा. कोष्टकाची जुनी गोष्ट त्यांस नवी वाटणार नाही.

जबलपूरच्या भगिनींनी पाठविलेले दुसरे पान त्याच महिन्यातील दुसऱ्या आठवड्याचे आहे. ८ एप्रिलपासून रोजची भाजी अशी : तीन आणे; तीन आणे; सव्वा आणा; तीन आणे; अडीच आणे; सव्वा आणा; दोन आणे. शेजारी मुलाचे आकडे १९, १९, ८, १९, १६, ८, १२, आणि त्यांची बेरीज १०१. सव्वा आण्याचे ८ का, हे वाचकांनी मुलांकडून करवून घ्यावे. पहिल्या पानावरून आपल्या आजीचा हात सैल होता असा कोणी तर्क केला असेल, तर त्याने हे पान अवश्य पाहावे. खाली आजीबाईंच्या अक्षरात ओळ आहे : ‘दिला बंदा रुपया. मुलाच्या बेरजेहून १ कमी.’